गुरुवारची फिल्म

माझे वडील तेहतीस वर्षं पिंपरीतल्या एका कंपनीच्या पेंटशॉपमध्ये होते. संध्याकाळी घरात आधी थिनरचा वास यायचा आणि त्याच्या मागून ते. शाळेत असतानाच मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की काहीही शिकू, पण रंगाच्या टाकीपासून लांब राहू. त्यासाठी बारावी केली, बीएस्सी केलं, एमएस्सी केलं, वर साडेपाच वर्षं घालवून डॉक्टरेट मिळवली आणि पस्तिशीच्या तोंडावर भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये नोकरीला लागले. तिथं माझं काम काय, तर एक मऊ प्लॅस्टिकची पट्टी टाकीत बुडवायची, हळूहळू वर काढायची, वाळवायची आणि पुन्हा बुडवायची.

पप्पांना हे काम समजावून सांगायचा प्रयत्न मी पहिल्याच रविवारी केला. ते आणि आई संत तुकारामनगरच्या जुन्या घरात राहतात, मी पिंपळे सौदागरला. रविवारचं दुपारचं जेवण त्यांच्याकडे असतं. मी म्हटलं, शुगर असलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली की ती महिनोन्‌महिने भरत नाही. रोज पट्टी सोडा, जखम धुवा, औषध लावा, पुन्हा बांधा. आम्ही एक पातळ थर बनवतोय. तो पट्टीच्या आतल्या बाजूला बसेल आणि सात दिवस थोडं थोडं औषध सोडत राहील. केसाच्या जाडीचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा तो थर. त्यात एका खास चिकणमातीचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात, आणि औषध त्या पापुद्र्यांच्या मधे अडकलेलं असतं. बाहेर पडायचं तर त्याला गल्लीबोळांतून वळणं घेत यावं लागतं, म्हणून वेळ लागतो.

पप्पांनी भाकरी मोडता मोडता सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे डिपिंग,” ते म्हणाले.

“पप्पा, ही नॅनोटेक्नॉलॉजी आहे.”

“असू दे की. पण पट्टी टाकीत बुडवता आणि वर काढता ना?”

“हो.”

“मग डिपिंगच.”

“तुम्ही गप्प बसा हो,” आई म्हणाली. “लेकीनं एवढं शिक्षण केलंय, ते काय टाकीत बुडवायला?” आणि तिनं माझ्या ताटात वांग्याची भाजी जरा जास्तच वाढली.

आमची कंपनी म्हणजे सात माणसं, एक शेड आणि एक संस्थापक. सर अमेरिकेत पंधरा वर्षं काढून परत आले होते आणि येताना तिथली बरीच शिस्त बरोबर घेऊन आले होते. शेडमध्ये चपला बदलायच्या. चहाचे कप टेबलावर आणायचे नाहीत. सुट्टी शनिवार-रविवार. कुठल्याही अपयशाला अपयश म्हणायचं नाही, ‘निरीक्षण’ म्हणायचं.

पहिल्या चार महिन्यांत आमच्याकडे भरपूर निरीक्षणं जमली. तपासणी तशी साधी होती. तयार फिल्मचा, म्हणजे थर चढलेल्या पट्टीचा, तुकडा अंगाच्या तापमानाएवढ्या कोमट मिठाच्या पाण्यात ठेवायचा, ठरल्या वेळी त्यातलं थोडं पाणी काढायचं आणि किती औषध उतरलं ते मोजून आलेख काढायचा. आम्हाला हवी होती सात दिवस हळूहळू चढत जाणारी रेघ. आमची रेघ पहिल्या अर्ध्या तासातच भिंतीवर चढलेल्या पालीसारखी वर जाऊन बसायची. सात दिवसांचं औषध अर्ध्या तासात बाहेर. असली फिल्म जखमेवर लावण्यापेक्षा औषधाची बाटली पायावर ओतलेली काय वाईट?

सरांनी एकेक कारण शोधायला सुरुवात केली. हवेतला दमटपणा असेल म्हणून दमटपणा मोजणारं यंत्र आलं. पाण्यात दोष असेल म्हणून पाणी बदललं. मातीचा पुरवठा बदलला. मग एक दिवस ते फार सौम्य आवाजात म्हणाले, “कधी कधी दोष हाताळणाऱ्याच्या हातातही असू शकतो,” आणि त्यांनी मला बदललं. माझ्या जागी माझी सहकारी बुडवायला उभी राहिली. ती लातूरकडची, नुकतीच एमएस्सी झालेली, बोलायला भिडस्त आणि नोंदी ठेवण्यात कमालीची चोख. तिच्याही फिल्म बिघडल्या. मला त्याचं व्हायला नको एवढं समाधान झालं.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

“मॅडम, एक सांगू का? हसायचं नाही बघा.”

“सांग.”

“गुरुवारच्या फिल्म चांगल्या यायल्यात.”

मी हसले. मग तिनं नोंदवही पुढं केली. तिनं प्रत्येक चांगल्या फिल्मपुढं पेन्सिलीनं बारीक टिंब दिलं होतं. मी तारखा लावून पाहिल्या. टिंबं होती थोडीच, पण सगळी गुरुवारची. एकही मंगळवारचं नाही, एकही शुक्रवारचं नाही.

डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाची एक अडचण असते. त्याला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. मी तिला सांगितलं की विजेचा दाब आठवडाभर कमीजास्त होतो, त्याचा मोटरवर परिणाम होत असेल. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, हा निव्वळ योगायोग आहे, शास्त्रात वाराला स्थान नाही. पुढच्या आठवड्यापासून महत्त्वाच्या सगळ्या फिल्म त्यांनी गुरुवारी लावायला सांगितल्या.

लातूरच्या मुलीनं तेवढ्यावर भागवलं नाही. ती गुरुवारचा उपास धरू लागली. आमच्या घरात उपासतापास माझ्या आजोबांच्या पिढीतच बंद झाले होते. आजोबांनी गाव सोडताना जे जे मागं टाकलं त्यात हे उपासही होते. त्यामुळे पहिल्या गुरुवारी तिनं पुढं केलेली साबुदाण्याची खिचडी मी तत्त्व म्हणून नाकारली. त्या दिवशी नेमकी एक फिल्म बिघडली. पुढच्या गुरुवारी मी खिचडी खाल्ली. प्रयोगाची परिस्थिती उगाच बदलू नये, असं मी स्वतःला सांगितलं. खिचडी चांगली होती. दाण्याचं कूट भरपूर. अशा रीतीनं, दमटपणा मोजणाऱ्या यंत्राच्या शेजारी बसून, आम्ही दोघी तीन महिने गुरुवार पाळत होतो.

मग एका सोमवारी माझी गाडी सर्व्हिसिंगला होती. आदल्या रात्री मी आईकडेच राहिले होते, म्हणून पप्पांनी स्कूटर काढली आणि मला शेडवर सोडलं. दारात म्हणाले, “जरा पाणी पिऊन जातो.” त्यांना पाणी नको होतं हे मला कळत होतं. गेले आठ महिने त्यांना माझी टाकी बघायची होती.

मी त्यांना चपला बदलायला लावल्या. ते हात मागं बांधून टेबलापाशी गेले. टेबलावर शुक्रवारची फिल्म ठेवलेली होती. त्यांनी विचारलं, “हात लावू?” आणि मी काही म्हणायच्या आत कडेला धरून ती उचलली, ट्यूबलाइटखाली नेली आणि तिरकी केली. मान वाकडी, एक डोळा बारीक. लहानपणी पेंटशॉपच्या वार्षिक कार्यक्रमाला गेले होते तेव्हा त्यांना गाडीच्या दारापुढं असंच उभं राहिलेलं मी पाहिलं होतं.

“लाइनी पडल्यात,” ते म्हणाले.

“कसल्या लाइनी?”

“आडव्या. सारख्या अंतरावर. एकीकडं जाड, एकीकडं पातळ. जिथं पातळ तिथं तडकणार.”

“पप्पा, हे इतकं बारीक असतं की त्याला सूक्ष्मदर्शक लागतो.”

“मग मला कशा दिसल्या?”

मी आणि लातूरची मुलगी आळीपाळीनं मान वाकडी करून पाहू लागलो. पाचव्या-सहाव्या प्रयत्नात मला दिसल्या. पाण्यावर तेल पसरावं तसे रंगाचे बारीक आडवे पट्टे, वहीच्या रेघांसारखे नेमके. आम्ही आजवर फिल्मचा एवढासा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहत होतो. अख्खी फिल्म उजेडात धरून कुणी पाहिलीच नव्हती.

पप्पांनी पाण्याचा पेला मागितला. तो त्यांनी प्यायला नाही. टाकीच्या शेजारी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बघ आता.”

पेल्यातलं पाणी थरथरत होतं. थांबायचं, पुन्हा थरथरायचं.

“ऐकू येतंय का?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“धप्प.”

शेजारच्या शेडमध्ये एक प्रेस होता. पत्र्याचे ब्रॅकेट ठोकून काढणारा, खोलीएवढा उंच. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याच्या आवाजानं माझं डोकं उठलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून तो मला ऐकू येणं बंद झालं होतं. धप्प, धप्प, धप्प. प्रत्येक ठोक्याला आमच्या टाकीतलं द्रावण हलत होतं, आणि त्यातून कासवाच्या चालीनं वर येणाऱ्या पट्टीवर प्रत्येक ठोका आपली रेघ ओढून जात होता.

“पण मग गुरुवारी...” मी म्हटलं.

पप्पांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी विसरणार नाही. “गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, बाळा,” ते म्हणाले.

मी ज्या घरात वाढले त्या घरात रविवार गुरुवारी यायचा. मटण गुरुवारी, पाहुणे गुरुवारी, पप्पांबरोबर बागेत जायचं ते गुरुवारी. शाळेतल्या मैत्रिणींना हे समजावून सांगताना मला लाज वाटायची. पुढं शिकले, शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या माणसांत जाऊन बसले आणि गुरुवार साफ विसरले.

कोपऱ्यातून लातूरच्या मुलीचा आवाज आला. “म्हणजे मी तीन महिने उपाशी राहिले ते प्रेसमुळं?”

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला स्वतः टेबलावर ठेवून पाहिला. मग म्हणाले, “उत्तम निरीक्षण,” आणि लगेच परदेशातून एक कंपनं शोषून घेणारं टेबल मागवलं. ते यायला पाच महिने लागणार होते. दरम्यान एका मोठ्या औषध कंपनीची माणसं दोन महिन्यांनी, एका मंगळवारी, येणार होती. त्यांची अट एकच होती, फिल्म आमच्यासमोर बनवा, आम्ही ती सोबत नेऊन आमच्याकडे तपासू. त्यांना गुरुवारी बोलवावं असं मी सुचवलं. सर म्हणाले, “कारण काय सांगू?”

तेव्हा ठरलं, की प्रेसवाल्यांना विनंती करायची. विनंती करायला मला पाठवलं, आणि मी पप्पांना सोबत नेलं. प्रेसचे मालक मूळचे भोसरी गावातले, पांढरा लेंगा-शर्ट, गळ्यात तुळशीची माळ. प्रेसच्या आवाजातच त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं.

“तुमची ती फिल्म केवढी जाड आसती म्हनला?”

“केसाचा शंभरावा भाग.”

“आन्‌ तेवढ्यासाठी माझा दोनशे टनाचा प्रेस बंद करू?”

तेवढ्यात पप्पा उठले. कोपऱ्यात रंगवलेल्या ब्रॅकेटचा ढीग पडला होता, त्यावर लाल खडूनं फुल्या मारलेल्या. त्यांनी एक उचलला, नखानं खरवडला. रंगाची सालपटं निघाली.

“शेठ, हे परत आलेत का?”

“चाकनवरनं,” मालकांचा चेहरा उतरला. “ह्या महिन्यात तिसऱ्यांदा. रंगवाला बदलला, रंग बदलला, काय उपेग न्हाई.”

“न रंगवलेला एक द्या. आणि थोडं पाणी.”

पप्पांनी धुवून आलेल्या कोऱ्या ब्रॅकेटवर पाणी ओतलं. पाणी सपाट पसरण्याऐवजी थेंबाथेंबांनी गोळा झालं.

“पाणी फुटतंय,” ते म्हणाले. “तेल नीट निघालेलं नाही. वर कसलाही रंग मारा, सुटणारच. धुण्याची टाकी थंड चालवताय तुम्ही.”

मालकांनी ब्रॅकेटकडं पाहिलं, पप्पांकडं पाहिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “काका, उद्यापास्नं येता का?”

सौदा असा ठरला. पप्पांनी धुण्याच्या आणि रंगाच्या टाक्यांवर लक्ष ठेवायचं. बदल्यात जेवणाच्या सुट्टीत, एक ते दोन, प्रेस पूर्ण बंद. एरवी त्यांची सुट्टी अर्ध्या तासाची असे. ती आमच्यासाठी एक तास झाली, त्यामुळे तिथले कामगार मला रस्त्यात नमस्कार करू लागले. पप्पांनी माळ्यावरचे सेफ्टी शूज काढले. आईनं सात वर्षांनी पुन्हा सकाळी सहाला डबा केला आणि दिवसभर घर आपलं असल्याच्या आनंदात दुपारी मैत्रिणींना बोलावू लागली. एका घरातला बेकार माणूस कामाला लागला. नॅनोटेक्नॉलॉजीचा तोवर झालेला एकमेव ठोस फायदा तो होता.

मी रोज एकच्या ठोक्याची वाट पाहत टाकीपाशी उभी असे. सगळी एमआयडीसी जेवायला बसली, की मी बुडवायला घेई. तासाभरात एक छोटी, दहा थरांची फिल्म होई. ती चांगली येई, आणि मी दोन वाजता थंड पोळी खाई.

तो मंगळवार उजाडला. पाहुणे चार होते. त्यांच्या प्रमुख बाई गुणवत्ता विभागाच्या, केस पांढरे, हातात वही. सकाळभर सरांनी त्यांना पडद्यावर चित्रं दाखवली. पावणेएकला सगळे जेवायला आतल्या खोलीत गेले आणि मी तयारीला लागले. एक वाजला. धप्प. एक वाजून पाच मिनिटं. धप्प. मी तशीच, शेडच्या आतल्या चपला पायात घालून, शेजारी पळत गेले.

पप्पा टाकीवर होते.

“पप्पा, प्रेस चालू आहे!”

“हो. आज बंद होणार नाही.”

“का?”

“तीनला गाडी जायचीय चाकणला. दोनशे नग कमी आहेत. नाही गेले तर उद्या तिथली लाइन उभी राहील.”

“मग तुम्ही सांगा ना शेठना. आज पाहुणे आलेत. तुमचं ऐकतात ते.”

“मी काय सांगू? मीच सांगितलंय, जेवण पाळीपाळीनं घ्या, प्रेस थांबवू नका.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी ब्रॅकेटच्या ढिगाकडं पाहत राहिले. लहानपणी माझ्या बक्षीस समारंभाला ते आले नव्हते, तेव्हाही कारण हेच होतं. लाइन.

“रडू नको,” ते म्हणाले. “वेळ किती आहे?”

“पाहुणे जेवून येईपर्यंत. फार तर पंधरा-वीस मिनिटं.”

त्यांनी हात पुसले, टाकीवर दुसऱ्या माणसाला उभं केलं आणि रस्त्यापलीकडच्या पंक्चरच्या दुकानात गेले. तिथून स्कूटरच्या चार जुन्या ट्यूब आणल्या. आमच्या शेडमागं ओट्याच्या कामातून उरलेला कडप्पाचा तुकडा पडला होता. तो त्यांनी आणि लातूरच्या मुलीनं मिळून आत आणला. टेबलावर ट्यूब, ट्यूबवर कडप्पा, कडप्प्यावर माझी टाकी आणि मोटर. चाकांचा तोल तपासायच्या यंत्राखाली त्यांच्या कंपनीत पूर्वी असंच असायचं म्हणे. ते हवा थोडी काढत, थोडी भरत, अंगठ्यानं दाबून बघत. मग त्यांनी कडप्प्यावर पाण्याचा पेला ठेवला. शेजारी धप्प झालं. टेबल हललं. पेल्यातलं पाणी आरशासारखं पडून राहिलं.

“चल, गाडी भरायचीय मला,” म्हणून ते निघून गेले. पाहुण्यांना त्यांनी पाहिलंही नाही.

सर पाहुण्यांना घेऊन आले आणि दारातच थबकले. दहा महिने चहाचा कप चढू न दिलेल्या त्या टेबलावर स्कूटरच्या ट्यूब होत्या, आणि त्यातल्या एकीवर पंक्चरचं लाल ठिगळ होतं.

“हे काय आहे?” पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं.

“ही,” सर म्हणाले, “ही आमची स्वदेशी कंपनरोधक व्यवस्था.”

“ट्यूब आहेत?”

“ट्यूब आहेत,” मी म्हटलं.

“कशाच्या?”

“स्कूटरच्या.”

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. “हवा किती ठेवता?”

आम्ही तिघं एकमेकांकडं पाहू लागलो. लातूरची मुलगी सुसाट बाहेर पळाली आणि दोन मिनिटांत धापा टाकत परत आली. “अंगठ्यानं दाबल्यावर अंगठ्याचं एक पेर आत जाईल एवढी.” बाईंनी तेही लिहून घेतलं. मग पाऊण तास चाळीस-चाळीस हजारांच्या बुटांतली ती माणसं गुपचूप उभी राहून एका पट्टीचं बुडणं आणि वर येणं पाहत होती, आणि भिंतीपलीकडं प्रेस दणदणत होता.

आठवड्यानं त्यांचा आलेख आला. सात दिवस हळूहळू चढत गेलेली रेघ. माझ्या आयुष्यात मी पाहिलेली ती सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात सुंदर रेघ होती. मी ती पप्पांना फोनवर पाठवली. त्यांचं उत्तर आलं : ‘गाडी वेळेत गेली होती.’

औषध कंपनीनं आमच्याबरोबर करार केला आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. त्यांनी सगळी पद्धत कागदावर मागितली. औषधाच्या धंद्यात नियम असा, की ज्या पद्धतीनं तपासणी पास झाली त्यात मनानं बदल करायचा नाही. केलाच तर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. त्यामुळे पाच महिन्यांनी परदेशी टेबल आलं तेव्हा ते वापरता येईना, कारण पास झालेली फिल्म ट्यूबवर बनली होती. त्यावर आता चहाचे कप असतात. पप्पांच्या अंगठ्याखालची हवा मी मीटर लावून मोजली आणि आकडा कागदात लिहिला. ट्यूब नवीन आणल्या तर त्या जुन्यांसारख्या वागेनात, म्हणून ‘किमान दोन वर्षं वापरलेल्या’ असंही लिहावं लागलं. त्या कंपनीनं आता शहरापासून लांब, शांत माळरानावर नवी इमारत बांधली आहे. आजूबाजूला मैलभर प्रेस सोडाच, पिठाची गिरणीसुद्धा नाही. तिथंही, चकचकीत खोलीत, पांढरे डगले घातलेले लोक स्कूटरच्या जुन्या ट्यूबवर कडप्पा ठेवून बुडवतात. पेटंटच्या अर्जात सर आहेत, मी आहे, माझ्या आग्रहामुळे लातूरची मुलगी आहे. पप्पांचं नाव घालायचं म्हटलं तर त्यांनी विचारलं, “सही करायला कुठं जावं लागेल?” आणि नुसतं मुंबई म्हटल्यावर म्हणाले, “मग राहू दे, दांडी पडेल.”

गेल्या हिवाळ्यात फिल्मची माणसांवर चाचणी सुरू झाली. आमच्याच भागातल्या एका रुग्णालयात पाहणीसाठी मला जायला मिळालं. नियम असा होता की मी लांब उभं राहायचं, रुग्णाशी बोलायचं नाही. सिस्टरनं एका आजींच्या पायाची पट्टी सोडली. सातवा दिवस. जखम गुलाबी झाली होती, कडा आत आल्या होत्या. मी वर्षभर पाण्यात बुडवून जे पाहिलं ते पहिल्यांदा माणसाच्या अंगावर पाहत होते. आजी मात्र तोंड वाकडं करून बसल्या होत्या.

“आजी, पाय बरा वाटतोय का?” सिस्टरनं विचारलं.

“पाय बराय गं. पर ही पट्टी काय चांगली न्हाई.”

सिस्टरनं पेन काढलं. “का? आग होते? खाज येते?”

“आगबिग काय न्हाई. आदी रोज एक पोरगी यायची घरी पट्टी बदलायला. हितल्याच दवाखान्यातली. बसायची, च्या प्यायची, तिच्या सासूचं सांगायची. आता आठ दिस कुनी फिरकत न्हाई. सून कामाला, नातू शाळेत. म्या काय भिताडाशी बोलू?”

सिस्टरनं हातातला फॉर्म वरून खाली वाचला. मळमळ, ताप, पुरळ, सूज, इतर. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. तिनं कुठंच काही लिहिलं नाही.

“ही कोन उभी हाय?” आजींनी माझ्याकडं बोट केलं.

“त्यांनी बनवलंय तुमचं औषध.”

“हिनं व्हय?” आजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “मंग जरा तीन दिसाचं बनव की गं बाई. सात दिस लई होत्यात.”

सिस्टर नवी पट्टी बांधू लागली. मला त्यांच्याशी बोलायची परवानगी नव्हती. मी खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, “मग काय झालं त्या मुलीच्या सासूचं?”